नळाचं पाणी, बेडकाचं हृदय आणि बाळंतपणाची कळ

ज्यांना कानात इयरफोन घालण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" बरेचसे उडवलेत. सगळे नाही.

आज सुरुवात पाण्यापासून. शहाड म्हटलं की लोकांना सेंच्युरी रेयॉन आठवते, नाहीतर बिर्ला मंदिर. पण उल्हास नदीचं पाणी इथून उचललं जातं आणि ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरच्या नळांना जातं. त्या योजनेचं नावच "स्टेम", म्हणजे शहाड-टेमघर. नळ सोडला, पाणी आलं, विषय संपला. त्यात काय काय विरघळलंय याचा विचार कोण करतं? १८८२ साली लंडनमधल्या एका डॉक्टरनेही तो केला नव्हता, आणि त्यातूनच शरीरशास्त्रातला एक मोठा शोध लागला. बाळंतपणाची कळ येते तेव्हा गर्भाशयाच्या पेशींमध्ये विजेचं काय चाललेलं असतं, ती वीज कोणते क्षार चालवतात, आणि हे समजायला इतका वेळ का लागला, ही आजची गोष्ट त्या शोधापासून सुरू होते.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलं, पोटासाठी बॅकएंडचा कोड लिहितो. इथे औषधाचा सल्ला मिळणार नाही. इतिहास मिळेल.

तर तो डॉक्टर म्हणजे सिडनी रिंगर. युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधला कामात बुडालेला माणूस. रुग्ण तपासायचा, आणि मधल्या वेळात प्रयोगशाळेत जाऊन बेडकाची हृदयं काढून ती मिठाच्या पाण्यावर चालू ठेवायचा. शरीराबाहेर काढलेलं हृदय नुसत्या खाऱ्या पाण्यावर किती वेळ धडधडेल, आणि पाण्यात आणखी काय घातलं तर जास्त वेळ धडधडेल, हा त्याचा प्रश्न होता. १८८२ मध्ये त्याने निष्कर्ष छापलेसुद्धा. मग एके दिवशी तेच द्रावण, तसंच हृदय, आणि ते चालेना. वीसेक मिनिटांत ठोके मंदावून थांबायचं.

शोध घेतल्यावर कळलं की आधीचं द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेलंच नव्हतं. ते न्यू रिव्हर वॉटर कंपनीच्या नळाच्या पाण्यात केलं होतं. प्रयोगशाळेतल्या फील्डर नावाच्या मदतनीसाने डिस्टिल्ड पाणी करण्याचा व्याप टाळला होता, असा किस्सा सांगतात. त्या नळाच्या पाण्यात दर दहा लाख भागांत सुमारे ३८ भाग कॅल्शियम होतं. रिंगरने शुद्ध पाण्याच्या द्रावणात थोडं कॅल्शियम घातलं आणि हृदय पुन्हा धडधडू लागलं. फक्त कॅल्शियम घातलं तर ते आवळायचं आणि नीट सैल पडायचं नाही. मग सोबत चिमूटभर पोटॅशियम लागायचं. १८८३ च्या लेखात त्याने हे सगळं उघड लिहिलं, आपला आधीचा निष्कर्ष नळाच्या पाण्याने बिघडवला होता हेही.

माझ्यासारख्या माणसाला ही गोष्ट फारच ओळखीची वाटते. "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य आमच्या धंद्यात रोज ऐकू येतं, आणि खाली खणलं की कुठेतरी कोणीच न नोंदवलेली एखादी लायब्ररी निघते. रिंगरच्या सिस्टिममधली ती लायब्ररी म्हणजे कॅल्शियम. फरक एवढाच की आम्ही ती शोधून तिकीट बंद करतो, आणि त्याने शोधली तेव्हा स्नायू आकुंचन का पावतो या प्रश्नाचं दारच उघडलं. दार फक्त उघडलं. आत जायला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं गेली.

आता हेच १८८३ साल इकडून बघा. ७ एप्रिलला कलकत्त्याहून एक १८ वर्षांची मुलगी अमेरिकेला जाणाऱ्या प्रवासाला निघाली. माहेरची यमुना, कल्याणच्या जोशी घराण्यातली, लहानपण कल्याणात गेलेलं. आनंदीबाई जोशी. त्यांची गोष्ट तुम्हाला सिनेमामुळे माहीत असेल, नाहीतर शाळेच्या पुस्तकामुळे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठेवलेली होती. ती हातात घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्या गेल्या. वय २१.

सिनेमात न येणारा प्रश्न मला सतावतो. समजा त्या कोल्हापूरला रुजू झाल्या असत्या आणि समोर एक अडलेली बाई असती, कळा मंदावलेल्या, रात्र झालेली. त्यांच्या हातात काय होतं? चांगलं शिक्षण होतं, स्वच्छ हात होते, चिमटे होते, क्लोरोफॉर्म होता. आणि अर्गट होतं. अर्गट म्हणजे राय या धान्यावर येणारी बुरशी. आपल्याकडे बाजरीवर अरगट पडतो, तो तिचाच भाऊबंद. युरोपातल्या सुइणी ती पूर्वीपासून वापरायच्या, आणि १८०८ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन स्टर्न्सने डॉक्टरांना तिची ओळख करून दिली. अर्गटने गर्भाशय आवळतं हे खरं, पण ते आवळतं आणि आवळलेलंच राहतं. बाळाला श्वासापुरती उसंत मिळत नाही. १८२४ पर्यंत डेव्हिड हॉसॅक नावाच्या डॉक्टरने लिहिलंच, की "प्रसूतीची पूड" हे नाव बदलून "मरणाची पूड" म्हणा. पुढे ते बाळ बाहेर आल्यावर, रक्तस्राव थांबवण्यापुरतं वापरलं जाऊ लागलं.

म्हणजे कळ चालू करायचं एक बटण सापडलं होतं, पण त्यामागची वायरिंग कोणालाच माहीत नव्हती. बटण दाबलं तर दिवा लागेल की फ्यूज उडेल, हे नशिबावर. आणि त्याच वेळी लंडनमध्ये त्या वायरिंगचं पहिलं टोक सापडलं होतं, बेडकाच्या हृदयात. आनंदीबाई शिकत होत्या त्या काळात ही दोन टोकं एकमेकांना भेटली नव्हती.

वायरिंग काय आहे ते सांगतो. इथे जरा सावकाश ऐका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

गर्भाशय म्हणजे मुख्यतः स्नायू. अनैच्छिक स्नायू, आपल्या हुकमात नसलेला. त्याच्या प्रत्येक पेशीच्या पटलाला दारं आहेत, आणि प्रत्येक दारातून ठरावीक आयन जातो. आयन म्हणजे विद्युतभार असलेला अणू. मीठ पाण्यात टाकलं की सोडियम आणि क्लोराइड वेगळे होतात, ते आयन. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर असतं, बाहेर सोडियम आणि कॅल्शियम. मोकळ्या कॅल्शियमचं प्रमाण तर बाहेर आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट. पोटॅशियम थोडंथोडं बाहेर झिरपत राहतं, त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने ऋण राहते. साधारण उणे पन्नास-साठ मिलिव्होल्ट. घड्याळातला बटण सेल दीड व्होल्टचा असतो, त्याच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाइतकं. पण पेशी गप्प राहायला तेवढं पुरतं.

हा आकडा शून्याकडे सरकला, उणे चाळीसच्या आसपास आला, की कॅल्शियमची दारं धडाधड उघडतात. दहा हजार पट गर्दी बाहेर उभी आहे आणि दार उघडलं, सकाळी कल्याणला फास्ट लोकल लागल्यावर होतं तसं. आत घुसलेलं कॅल्शियम कॅलमोड्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं, ते एका एन्झाइमला जागं करतं, आणि स्नायूचे धागे एकमेकांवर सरकतात. ती कळ. मग पोटॅशियमची दारं उघडतात, भार खाली येतो, कॅल्शियम बाहेर फेकलं जातं, स्नायू सैल होतो. ती कळांमधली उसंत. मज्जातंतूत किंवा हातापायाच्या स्नायूत हा विजेचा झटका सोडियम आणतं. गर्भाशयात ते काम मुख्यतः कॅल्शियमचं. क्लोराइडचंही एक गमतीशीर काम आहे. या पेशींमध्ये ते आधीच साठवलेलं असतं, त्यामुळे त्याचं दार उघडलं की ते बाहेर पडतं आणि पेशीला झटक्याच्या जवळ ढकलतं.

रिंगरचं द्रावण पुन्हा आठवून बघा. कॅल्शियमने आवळतं, सैल पडायला पोटॅशियम लागतं. त्याने मिलिव्होल्ट मोजले नव्हते, पण उत्तराची रूपरेषा त्या काचेच्या भांड्यात होती.

हे सगळं समजत गेलं ते अगदी वेड्यावाकड्या वाटेने. १९०६ मध्ये हेन्री डेल अर्गटवरच काम करत होता, आणि त्या प्रयोगांच्या ओघात त्याला दिसलं की मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा अर्क दिला की मांजरीचं गर्भाशय आकुंचन पावतं. १९०९ पर्यंत ब्लेअर-बेलने तो अर्क बाळंतपणात वापरला. त्यातला नेमका रेणू, ऑक्सिटोसिन, व्हिन्सेंट द्यू विन्यो याने १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनवला आणि १९५५ मध्ये त्याला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मधल्या काळात, १९३२ च्या सुमारास, अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञाने रिंगरच्या द्रावणात लॅक्टेट घातलं. त्याला आपण आज रिंगर लॅक्टेट म्हणतो, हॉस्पिटलात "आरएल". कधी नातेवाइकाच्या उशाशी बसावं लागलं तर बाटलीवरचं लेबल वाचा. सोडियम १३१, पोटॅशियम ५, कॅल्शियम ४, क्लोराइड १११. ते ४ म्हणजे न्यू रिव्हर कंपनीच्या नळातून आलेलं कॅल्शियम. कळा वाढवायला ऑक्सिटोसिन बऱ्याचदा याच आरएलमधून थेंबथेंब सोडतात. १८८३ आणि १९५३, एका बाटलीत. आणि ऑक्सिटोसिन पेशीवर बसून करतं काय? पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडतं आणि बाहेरून आणखी आत यायला वाट करून देतं.

ज्यांनी बी.फार्म. केलंय त्यांना हे मी सांगायची गरजच नाही. माझा एक मित्र उल्हासनगरला राहतो, त्याने कॉलेजात उंदराच्या गर्भाशयाचं प्रॅक्टिकल शिकलंय. त्यासाठी डी जलोनचं द्रावण वापरतात, आणि त्यात कॅल्शियम मुद्दाम कमी ठेवलेलं असतं. का? कारण गर्भाशयाची पट्टी एरवी आपली आपणच आकुंचन पावत राहते, औषधाचा परिणाम मोजताच येत नाही. कॅल्शियम कमी केलं की ती शांत बसते. "परीक्षेत दोन मार्कांचं उत्तर होतं ते," तो म्हणाला. एवढ्या इतिहासाला दोन मार्क!

आणि हे प्रयोगशाळेपुरतंही नाही. आपल्या पट्ट्यात तबेले आहेत, तिथल्या लोकांना विचारा. व्यायलेल्या म्हशीला दुधासाठी एकदम एवढं कॅल्शियम लागतं की रक्तातलं कमी पडतं. जनावर बसतं, उठत नाही, मान एका बाजूला टाकतं. व्यायच्या वेळीच असं झालं तर गर्भाशयाला जोर राहत नाही, वीण लांबते. हा दुग्धज्वर कॅल्शियम कमी झाल्याने होतो हे एडिंबराच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी १९२५ मध्ये मांडलं. डॉक्टर शिरेतून कॅल्शियमची बाटली देतो आणि थोड्या वेळात म्हैस उठून उभी राहते. तबेल्यांतली दुसरी गोष्ट वाईट आहे. पान्हा सोडवायला ऑक्सिटोसिन टोचणं. हा गैरवापर रोखायचा म्हणून २०१८ मध्ये केंद्र सरकारने ऑक्सिटोसिन बनवायची परवानगी एका सरकारी कंपनीपुरतीच ठेवली. पण बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला तेच औषध लागतं, त्याचा तुटवडा झाला तर काय, हा मुद्दा दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि त्याच डिसेंबरात तो आदेश रद्द झाला. माझ्या मते निकाल बरोबर होता.

विजेकडे परत येऊ. आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूत विजेचे झटके येतात हे १९३० च्या दशकात एमिल बोझलरने दाखवलं. पण एका पेशीच्या आतला भार मोजायचा तर तिच्यात टोचता येईल इतकी बारीक काचेची नळी हवी होती, ती १९४९ च्या सुमारास हाती आली. १९५२ मध्ये हॉजकिन आणि हक्सली यांनी माकुळाच्या मज्जातंतूसाठी आयनांच्या दारांची समीकरणं मांडली. ती हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर सोडवली होती. एकेका झटक्यासाठी कित्येक दिवस. (आमच्याकडे बिल्डला सात मिनिटं लागली तर लोक चहाला जातात.) मग १९५९ मध्ये गोटो आणि चापो यांनी, आणि स्वतंत्रपणे जीन मार्शल यांनी, गर्भाशयाच्या पेशींत त्या नळ्या टोचून प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनने आतला भार कसा बदलतो ते मोजलं.

चापोचं म्हणणं असं होतं की खरा प्रश्न "कळ कशी सुरू होते" हा नाहीच. खरा प्रश्न "नऊ महिने ती का सुरू होत नाही" हा आहे. आत एक बाळ वाढतंय, भिंत ताणली जातेय, एरवी ताणला की आवळणारा हा स्नायू, आणि तरी तो गप्प. त्याचं उत्तर होतं प्रोजेस्टेरॉन, जे पेशींना झटक्यापासून लांब ठेवतं. मला हा प्रश्न उलटा करण्याचा प्रकार फार आवडतो. आणि १९७७ मध्ये गारफिल्ड आणि सहकाऱ्यांनी आणखी एक तुकडा जोडला. गर्भारपणात या पेशींमधले विजेचे जोड जवळजवळ नसतात, आणि कळा सुरू होण्याच्या वेळी ते एकदम भरपूर दिसतात. हृदयाला ठरलेला पेसमेकर असतो, गर्भाशयाला नाही. हे जोड तयार झाले की कुठल्याही कोपऱ्यात उठलेला झटका सगळीकडे पसरू शकतो. नऊ महिने सुट्या सुट्या असलेल्या कोट्यवधी पेशी शेवटच्या काही दिवसांत नेटवर्क होतात.

ते नेटवर्क वेळेआधी जागं झालं तर? इथे कॅल्शियमची दारं अडवणारं निफेडिपिन वापरतात. एरवी रक्तदाबाचं औषध. ते कळा काही काळ लांबवतं. मधल्या वेळात बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टेरॉइड देता येतं, आईला मोठ्या हॉस्पिटलात हलवता येतं. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये अगदी वेगळ्या टोकाने हात घातला. काही स्त्रियांचं गर्भाशयाचं तोंडच दिवस भरण्याआधी उघडतं, तिथे त्यांनी टाका घातला. आयनबियन काही नाही, सरळ दोरी बांधली. शिरोडकर टाका आज जगभर त्याच नावाने ओळखला जातो.

आता मॅग्नेशियम, आणि या भागातली माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मॅग्नेशियम हा कॅल्शियमचा भाऊ, त्याच्यासारखाच दुहेरी भाराचा, पण वागायला उलटा. कॅल्शियमची वाट अडवतो. काचेच्या भांड्यातल्या गर्भाशयाच्या पट्टीवर मॅग्नेशियम टाकलं की आकुंचनं मंदावतात. त्यावरून वेळेआधीच्या कळा थांबवायला मॅग्नेशियम सल्फेट वर्षानुवर्षं दिलं गेलं, आणि नीट चाचण्या एकत्र करून बघितल्यावर दिसलं की त्यासाठी त्याचा उपयोग होत नाही. पट्टीवर जे खरं, ते बाईवर खरं असेलच असं नाही.

पण गर्भारपणातल्या आकड्यांवर, एक्लॅम्प्सियावर, त्याच मॅग्नेशियमचं उलटं झालं. जर्मनीत १९०६ पासून ते वापरल्याची नोंद आहे. डॅलसच्या पार्कलँड हॉस्पिटलात जॅक प्रिचर्डने त्याची पद्धत घालून दिली, सुरुवातीलाच शिरेतून ४ ग्रॅम आणि स्नायूत १० ग्रॅम, मग दर चार तासांनी ५. तरी कित्येक देशांत डॉक्टर डायझेपाम किंवा फेनिटॉइनच देत राहिले, कारण एक साधं मीठ आकडी थांबवेल यावर विश्वास बसत नव्हता. १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांत मिळून केलेल्या चाचणीचा निकाल आला. पुन्हा आकडी येण्याचं प्रमाण डायझेपामवर २७.९ टक्के, मॅग्नेशियमवर १३.२. फेनिटॉइनशी वेगळी तुलना होती, तिथे १७.१ विरुद्ध ५.७. पहिला वापर १९०६, खात्रीचं उत्तर १९९५. या मधल्या ८९ वर्षांत किती बायका गेल्या असतील याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

आणि मग आपल्याकडचा प्रश्न आला. पार्कलँडचं माप अमेरिकन बाईच्या वजनाचं. मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी गुडघ्याचा झटका जातो, मग श्वास. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये भारतीय स्त्रियांच्या अंगकाठीला साजेसा, त्याहून बराच कमी डोस वापरल्याचा अनुभव प्रसिद्ध केला. रक्तातलं मॅग्नेशियम तासातासाला मोजायची सोय नसलेल्या हॉस्पिटलांसाठी हा प्रश्न किती खरा आहे, हे आपल्या जिल्ह्यांत राहणाऱ्यांना कळेल. मॅग्नेशियम चालू असताना परिचारिका तासातासाला तीन गोष्टी बघते, गुडघ्याचा झटका, श्वासाचा वेग, लघवीचं प्रमाण. आणि ट्रेमध्ये उतारा म्हणून एक अँप्यूल तयार ठेवतात. कॅल्शियम ग्लुकोनेट. एका आयनवर दुसऱ्या आयनचा उतारा. रिंगरला ते बघून बरं वाटलं असतं.

शेवटी एक गोष्ट जिच्यावर मला खरंच राग येतो. "जोर लाव." लेबर रूमच्या बाहेर बसलेल्या कुणीही हे ऐकलेलं असतं, कधीकधी शिव्यांसह. बाळ खाली उतरल्यावर, शेवटच्या टप्प्यात, बाईने जोर लावायचा असतो हे खरं. पण त्याआधीचे कित्येक तास गर्भाशयाचं तोंड उघडायचं काम ज्या कळा करतात, त्या तिच्या इच्छेने येत नाहीत की थांबत नाहीत. तिथे तिला दटावणं म्हणजे सर्व्हर डाउन आहे म्हणून युजरला ओरडणं.

कळा का अडतात याची विजेची कारणं आता सापडू लागली आहेत. ऑस्ट्रेलियात हेलेना पार्किंग्टन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की प्रसूतीच्या वेळी एका विशिष्ट पोटॅशियम दाराचं काम कमी व्हावं लागतं, मगच कळ लांब आणि जोरदार येते. लठ्ठ स्त्रियांमध्ये ते दार तसं मिटत नाही. म्हणजे तिचा "आळस" नाही, "हल्लीच्या मुलींना सहन होत नाही" हेही नाही. एक प्रथिन आहे, ते पोटॅशियमला बाहेर जाऊ देतंय. लिव्हरपूलमध्ये २००४ मध्ये दिसलं की अडलेल्या प्रसूतीत गर्भाशयाच्या रक्तात आम्लता जास्त असते. धावून धावून पाय भरून येतात तसंच काहीसं. इथे खलनायक हायड्रोजनचा आयन. मग स्वीडनमध्ये २०० स्त्रियांवर एक छोटी चाचणी झाली. कळा मंदावलेल्यांपैकी निम्म्यांना ऑक्सिटोसिन सुरू करण्याआधी बायकार्बोनेट पाजलं, आणि त्या गटात आपोआप झालेल्या प्रसूती जास्त निघाल्या. (नाही, घरी इनो पाजू नका. चाचणी लहान आहे, आणि तुम्ही हॉस्पिटलात असायला हवं.)

आणि हो, या सगळ्याचा कोड असतो. २०११ मध्ये मँचेस्टर आणि न्यूकॅसलच्या संशोधकांनी गर्भाशयाच्या एका पेशीचं मॉडेल प्रसिद्ध केलं. प्रत्येक दारासाठी एक समीकरण, हॉजकिन-हक्सलीच्याच वळणाचं. आपल्या जवळ, पवईला आयआयटीत रोहित मनचंदा यांच्या प्रयोगशाळेने याच जातीच्या स्नायूवर, मूत्राशयाच्या, अशी मॉडेल्स केली आहेत. मनचंदा इंग्रजीत कादंबऱ्याही लिहितात, हे मला फार उशिरा कळलं आणि थोडा हेवाही वाटला. असं मॉडेल लॅपटॉपवर चालवता येतं. बाहेरच्या कॅल्शियमचा आकडा खाली आणा, स्क्रीनवरचे झटके बुटके होत जातात आणि मग सपाट रेष. आकडा परत वर न्या, झटके परत. पोटॅशियमचं दार अर्धवट उघडं ठेवा, कळ मध्येच बसते. दोन ओळी बदलून बघता येतं, कुणाला काही टोचावं लागत नाही.

पुढचा भाग अर्गटवर, पूर्ण. बाजरीवरच्या अरगटासकट. तोवर कुणाकडे जुन्या सुइणीच्या औषधांच्या घरगुती आठवणी असतील तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. भेटू.